एक्केचाळिसावी टोपी

आमच्या जिन्यात असं बोललं जातं की तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा नवरा जपानी होता आणि तो समुद्रात बुडाला.

तळमजल्यावरचे शिंपीकाका ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे ओठ मिटून म्हणायची अक्षरं त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नाहीत. 'बुडाला' हे ते 'उडाला' असं सांगतात आणि नव्या भाडेकरूंना वाटतं की नवरा वैमानिक होता. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची तऱ्हा वेगळी. "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणून त्या कठड्याला टेकतात, आणि मग अर्धा तास त्यांना तिथून कुणी हलवू शकत नाही. "बारा वर्षं होती तिकडे. भाषा काय उगीच येते? कपाटाला त्याचं पत्र चिकटवलंय, मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि दुपारी कान देऊन ऐका जरा. नावं घेत असते एकेक. सासरच्यांची असणार, नाहीतर कुणाची?"

मला सगळ्यांच्या नकला करायची खोड आहे; आता नक्कल सोडून खरं काय ते. ती माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. तिने समुद्र ओलांडलेला नाही. बंदरापर्यंत ती दोनदा गेली, दोन्ही वेळा ऑफिसच्या कामाला. लग्न तिने केलं नाही. "राहून गेलं," असं ती सांगते, छत्री न्यायची राहून गेली हे सांगावं त्या सुरात. आणि जपानी तिला येत नाही. "पाणी द्या म्हणायची वेळ आली तर तहानेने मरेन," हे तिचंच वाक्य. कपाटाला चिकटवलेलं पत्र मात्र खरं आहे. ते नवऱ्याचं नाही. त्यात प्रेमाचा एक शब्दही नाही.

ती काम करते ते टोप्यांचं. टोप्या हा शब्द तिचा. जपानी मजकुरातलं मोठं अक्षर म्हणजे एक चित्रच; ते बघून त्याचा उच्चार कळेलच असं नाही, तिकडच्या लोकांनाही नाही. विशेषतः माणसाच्या नावात. म्हणून त्या मोठ्या अक्षराच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार बसवतात. छापील पुस्तकात ते काम छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी व्हायचं. संगणकावरच्या पानात ते खुणांनी करावं लागतं: मोठ्या अक्षराआधी खूण उघडायची, त्याच्या पाठोपाठ बारीक अक्षरं ठेवायची, खूण मिटायची. एक खूण मिटायची राहिली तर पुढच्या सगळ्या टोप्या एकेक डोकं सरकतात आणि पानावर जो तो दुसऱ्याची टोपी घालून बसतो. "मी लोकांना टोप्या घालते," ती पाहुण्यांना सांगते, "तेही पगार घेऊन." पाहुणे हसतात. ती हसत नाही, चष्मा पुसते.

आधी ती छापखान्यात जुळारी होती, खिळे जुळवणारी. एकवीस वर्षं औषधांच्या बाटल्यांतले घडी घातलेले कागद तिने जुळवले, मुंगीएवढ्या खिळ्यांत. छापखाना बंद पडला तेव्हा तिच्या डोळ्यांचा नंबर वाढलेला आणि बोटं मात्र ताजी. वस्तुसंग्रहालयांची आणि जुन्या दप्तरांची पानं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने तिला ठेवून घेतलं, कारण मुलाखतीत तिने समोरच्या पडद्यावर एका अक्षराच्या डोक्यावरची टोपी केसभर डावीकडे झुकलीय हे खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं.

तिचा साहेब एकतीस वर्षांचा. त्याला सगळे झालंका म्हणतात. तो दारातून आत येतो तो 'झालं का?' विचारत, फोन उचलतो 'झालं का?' म्हणत, आणि एकदा पाणी पिऊन ग्लास ठेवताना त्याने स्वतःलाच 'झालं का?' विचारल्याचं आत्याने ऐकलं आहे. माणूस वाईट नाही. त्याच्या मागे वरचे लागतात, वरच्यांच्या मागे त्यांचे वरचे.

आणि ते पत्र. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्याकडे एका जुन्या शाळेच्या शिक्षकांची यादी आली होती. दोनशे नावं. एका नावाचा उच्चार कुठे सापडेना. तेव्हा तिने सगळे करतात तेच केलं: कोश उघडला, पहिला दिलेला उच्चार उचलला आणि डोक्यावर ठेवून दिला. पान दिसायला देखणं झालं. तीन वर्षांनी पत्र आलं. कंपनीच्या दुभाषीबाईंनी ते मराठीत उतरवून दिलं. "तुमचं पान सुरेख आहे. त्यात माझे वडील नाहीत. त्यांच्या जागेवर दुसराच कुणीतरी उभा आहे."

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. पण तीन वर्षं तो दुसरा माणूस तिथे उभा होता, आणि त्याला उभं करणारी ती होती. पत्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कामाच्या जुन्या वहीत नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: 'हाक कोणी मारली?' त्या दिवसापासून तिचा नियम ठरला. ज्या माणसाने त्या नावाने हाक मारलेली आहे, त्याच्या तोंडून आल्याशिवाय टोपी चढवायची नाही. कोश नाही, अंदाज नाही, यंत्राचं सुचवणं तर नाहीच.

मग बंदराचं काम आलं.

बासष्ट वर्षांपूर्वी तिथल्या किनाऱ्याजवळ एक जपानी मालवाहू बोट बुडाली. बेचाळीस माणसं होती. एक वाचला. बोटीची कागदपत्रं पाण्यात गेली. बोटीच्या कंपनीने मागाहून नुसती मोठ्या अक्षरांतली यादी पाठवली, आणि गावातल्या पाथरवटाने, त्यातलं एकही अक्षर वाचता येत नसताना, ती एक्केचाळीस नावं रेघ न चुकवता दगडात कोरली. बासष्ट वर्षं लोक त्या दगडापुढे उभे राहायचे आणि नावं बघायचे. वाचता कुणालाच यायची नाहीत. आता बंदरातलं संग्रहालय त्या नावांचं पान बनवत होतं, उच्चारांसकट, टोप्या जपानीत आणि देवनागरीतही, आणि येत्या वर्षदिनी सकाळी दगडापुढे ती सगळी पहिल्यांदा मोठ्याने वाचली जाणार होती.

आत्याने आठ महिने घेतले. संग्रहालयाने तिकडे पत्रं पाठवली, दुभाषीबाईंनी फोन केले, आणि वहीतला तिचा रकाना भरत गेला. 'सून.' 'धाकटा मुलगा, आता स्वतः आजोबा.' 'शेजारीण, लहानपणी एकत्र पोहायचे.' एकापुढे लिहिलं होतं: 'बायको. फोनवर नाव सांगताना आवाज तरुण झाला, असं दुभाषीबाई म्हणाल्या.' चाळीस नावं झाली. चाळीस टोप्या चढल्या.

एक राहिलं. दगडावर तो मधेच कुठेतरी, एकोणतिसावा. इंजिनखोलीत तेल घालणारा, वय तेवीस. आडनावाला एकच उच्चार, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण नाव म्हणजे सहा रेघांचं एकच अक्षर, अर्थ 'उजेड'. ते हिकारू असेल, आकिरा असेल, मित्सुरू असेल, नुसतं को असेल. बोटीच्या कंपनीच्या यादीतला पत्ता ज्या गल्लीचा होता ती गल्लीच आता नव्हती. कुणी सापडेना.

"झालं का?" वर्षदिनाला नऊ दिवस उरले असताना झालंका साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"चाळीस झाले."

"आणि एक्केचाळीस?"

"तो नाही झाला. त्याचं डोकं उघडं ठेवते."

"ताई, अहो, उघडं ठेवून कसं चालेल? संग्रहालयवाले म्हणतील काम अर्धवट आहे. यंत्र काय म्हणतंय?"

"हिकारू."

"मग हिकारू! बहुतेक तेच असणार."

"बहुतेक," आत्या म्हणाली आणि पडद्याकडे वळली. हे ती उद्धटपणे करत नाही, पण ती वळली की पुढे बोलायला जागा राहत नाही.

घरी बाबांनीही साहेबाचीच बाजू घेतली. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे, हिशेब चोख. "एक्केचाळीसपैकी चाळीस बरोबर म्हणजे तू पहिल्या वर्गात पास की गं. कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"दादा, लिफ्टच्या एक्केचाळीस फेऱ्यांतली एक चुकली असती तर?"

बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला. "तर मी आज इथे बसून तुझं डोकं खात नसतो," ते म्हणाले, आणि मग विषय काढला नाही.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती आत्याच्या धंद्यातल्याच माणसाला कळावी अशी. डोकं उघडं ठेवलं की कागदावर तिथे काहीच नसतं. पडद्यावर तसं नसतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारं एक यंत्र असतं. आत्या त्याला वाचक्या म्हणते. टोपी असली तर वाचक्या टोपी वाचतो. टोपी नसली तर मात्र तो गप्प बसत नाही. खालचं अक्षर बघतो, मनानेच सगळ्यात चालतं नाव उचलतो आणि बेधडक म्हणून मोकळा होतो. आत्याने उघड्या डोक्याचं पान लावून बघितलं. अठ्ठाविसावं नाव झालं, आणि मग वाचक्या त्याच त्या इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाला, 'हिकारू.' जणू काही रोजची ओळख आहे.

डोळ्यांपुरती ती प्रामाणिक राहिली होती. कानात तीच चूक पुन्हा होत होती. आणि हे पान कानांनी ऐकणारा एक माणूस तिला माहीत होता. बेचाळिसांतला वाचलेला तो एक. बोटीवरचा वायरलेसवाला, आता शहाऐंशीचा, तिकडे एका वृद्धाश्रमात, दोन्ही डोळे गेलेले. वर्षदिनाला त्याला येता येणार नव्हतं. त्याला आधी ऐकवायचं असं संग्रहालयाने कबूल केलं होतं.

तिने दोन दिवस त्या एका अक्षरावर घालवले. ते डोळ्यांना दिसेल पण वाचक्याला दिसणार नाही अशी खूण तिने त्याच्याभोवती बांधली, आणि त्या जागी एका नावाला लागेल तेवढा रिकामा वेळ ठेवला. वाचक्या आडनाव म्हणायचा, थांबायचा, आणि पुढच्या माणसाकडे जायचा.

साहेबाने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, हे ऐकणाऱ्याला वाटणार पान बिघडलं!"

"वाटू दे."

"तुम्हाला वाटू दे म्हणायला काय जातं? फोन मला येणार." तो खुर्ची ओढून बसला, जे तो सहसा करत नाही. "हे बघा. माझं पानही तयार आहे, हिकारूवालं. उद्या दुपारी त्या आजोबांना तुमचं ऐकवू. ते म्हणाले ठीक, तर ठीक. त्यांना खटकलं, तर संध्याकाळी माझं चढणार. मग मला पत्रबित्र दाखवायचं नाही. कबूल?"

आत्याला कबूल करावं लागलं. दुसरं कुणी विचारायला उरलं नव्हतं. घरी येऊन तिने कपाटाचं दार उघडलं, पत्राकडे पाहिलं आणि दार लावून टाकलं. हा तेवीस वर्षांचा तेलवाला बासष्ट वर्षं दगडावर मुका होता. आता जर त्याला कुणाचं तरी भलतंच नाव चिकटलं, तर ते जन्माचं चिकटणार होतं. पहिल्यांदा मोठ्याने जे म्हटलं जाईल तेच पुढे सगळे म्हणणार. आणि ते दुरुस्त करायला पत्र पाठवणारा मुलगाही त्याला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ऑफिसच्या छोट्या खोलीत ते बसले. आत्या, साहेब, आणि पडद्याच्या एका चौकटीत दुभाषीबाई. दुभाषीबाईंना बारा महिने सर्दी. त्यांच्या तोंडून 'नमस्कार' हा 'दबस्कार' होऊनच येतो. दुसऱ्या चौकटीत म्हातारा. पांढरीशुभ्र खोली, मागे पडदा, आणि खुर्चीच्या हातावर त्याचा उजवा पंजा. चेहरा कॅमेऱ्याकडे नव्हता, जरा बाजूला होता, आवाज येतो तिकडे.

आत्याने कळ दाबली. वाचक्या सुरू झाला.

पहिलं नाव कप्तानाचं. ते संपलं आणि म्हाताऱ्याच्या तर्जनीने खुर्चीच्या हातावर टकटक केलं. एक छोटं, एक लांब, एक छोटं. दुसरं नाव. पुन्हा तेच. आत्याला आधी वाटलं हात थरथरतोय. पाचव्या नावाला तिच्या ध्यानात आलं: हा वायरलेसवाला आहे. तो तारेच्या भाषेत प्रत्येक माणसाची पोच देत होता, 'मिळालं'. दहावं, पंधरावं, विसावं. म्हातारा चुकत नव्हता. साहेबाने घड्याळ बघायचं सोडून त्या बोटाकडे बघायला सुरुवात केली होती.

अठ्ठाविसावं झालं. टकटक.

मग एकोणतिसावं आडनाव. मग शांतता.

बोट हवेत उचललेलं राहिलं.

वाचक्या पुढच्या माणसाकडे गेला तसा म्हाताऱ्याने पंजा वर केला. दुभाषीबाईंनी मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, आवाज गेला का?"

साहेबाने आत्याकडे पाहिलं. भुवया तेवढ्या बोलल्या.

आत्याने यंत्र थांबवलं. "त्यांना सांगा," ती म्हणाली, "आवाज गेलेला नाही. या माणसाच्या नावाचा उच्चार आम्हाला सापडला नाही. खोटं नाव घेण्यापेक्षा आम्ही तिथे गप्प बसलो. त्यांना चालणार नसेल तर त्यांनी तसं सांगावं."

दुभाषीबाईंनी सांगितलं. म्हाताऱ्याने वर केलेला पंजा खाली ठेवला. मग तो हळूहळू बोलायला लागला आणि दुभाषीबाई तुकड्यातुकड्याने उतरवू लागल्या.

"तेलवाला ना? आमच्या झोपायच्या फळ्या एकावर एक होत्या. तो खाली, मी वर. दोन वर्षं."

"मग तुम्हाला नाव माहीत असेल!" साहेब पुढे सरसावला.

म्हाताऱ्याने मान हलवली. "आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. इंजिनाच्या आवाजातही शिट्टी वाजवायचा. हजेरीला कप्तान आडनाव घ्यायचा. नाव… नाव मी कधी विचारलंच नाही. नंतर वाटलं, कुणाला विचारू? विचारलं तर लोक म्हणतील, दोन वर्षं शेजारी झोपलास आणि नाव माहीत नाही? म्हणून बासष्ट वर्षं मी गप्प आहे. मला वाटायचं, तेवढं मलाच ठाऊक नाही, बाकी जगाला ठाऊक असणार."

दुभाषीबाईंनी नाक पुसलं, आणि ते सर्दीचं नव्हतं.

"मग आपण शिट्टी टाकू या का?" साहेबाने विचारलं. या खेपेला त्याचा आवाज खाली होता. खरंच विचारत होता.

"नको," म्हातारा म्हणाला. "ते आम्ही ठेवलेलं. त्याच्या घरी ते कुणाला माहीत नसणार. दगडावर ते नाही." मग त्याने विचारलं, "मघाशी जितका वेळ गप्प होतात, तो एका नावाएवढा होता ना?"

"हो," आत्या म्हणाली. "मोजून ठेवलाय."

"तसाच ठेवा. कुणीतरी त्याला हाक मारलेली असणार. आईने तर नक्कीच. ती ऐकू आली तर मला कळवा." आणि तो म्हणाला, जरा मागे जाऊन पुन्हा लावा.

आत्याने एकोणतिसाव्यापासून लावलं. आडनाव. शांतता. या वेळी म्हाताऱ्याचं बोट खाली आलं: एक छोटं, एक लांब, एक छोटं.

यादी संपल्यावर साहेब उठला, लॅपटॉपचं झाकण मिटलं, दारापर्यंत गेला आणि परत आला. "ताई, माझं पान मी पुसून टाकतो," तो म्हणाला. नोकरीला लागल्यापासून आत्याने त्याला 'झालं का?' न विचारता काम संपवताना पहिल्यांदाच पाहिलं.

वर्षदिनाला सकाळी किनाऱ्यावर वारा होता. संग्रहालयाच्या लेखनिकबाईंनी पान हातात धरून नावं वाचली, टोप्या बघून, बोट ठेवत ठेवत, शाळेत पहिल्यांदा वाचतात तशी. एकोणतिसाव्याला त्या थांबल्या. शेदीडशे माणसं थांबली. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. आत्या मागच्या रांगेत उभी होती आणि ओठांतल्या ओठांत मोजत होती.

घरी येऊन तिने पानावर त्या नावाखाली एक ओळ घातली, दोन्ही भाषांत: 'या नावाचा उच्चार आम्हाला माहीत नाही. तुम्ही याला कधी हाक मारली असेल, तर आम्हाला सांगा.'

ती ओळ ती चढवत होती तेव्हा मी मागे उभी होते. मला ते फार भाबडं वाटलं. मी तिला झालंका साहेबाच्या आवाजात म्हटलं, "ताई, अहो, बासष्ट वर्षांनी कोण येणार हाक मारायला?" मग माझ्या आवाजात म्हटलं, "कुण्णी लिहिणार नाही आत्या. वर्षभरात एक जरी पत्र आलं ना, तर तू म्हणशील ते."

"म्हणशील ते?"

"म्हणशील ते. आणि नाही आलं तर तू शिंपीकाकांना तुझ्या नवऱ्याची गोष्ट पूर्ण रंगवून सांगायची. वैमानिकाची."

"लाव पैज," आत्या म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

सात महिने झाले. त्या ओळीवर जाहिराती आल्या, एका शाळेच्या मुलांच्या शुभेच्छा आल्या, हिकारूच असणार असं ठासून सांगणारे तिघे आले. आत्या प्रत्येकाला दुभाषीबाईंकडून एकच उत्तर पाठवायची: 'आपण त्यांना हाक मारली होती का?' मग पलीकडून काही यायचं नाही.

आठव्या महिन्यात एका कॉलेजातल्या मुलीचं पत्र आलं. तिची आजी अठ्ठ्याहत्तरची, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळी. नात सुट्टीत तिला जुन्या बोटींची पानं ऐकवत बसायची, कारण आजीचा मोठा भाऊ बोटीवर गेला तो परत आला नव्हता. घरच्यांना शेवटचं पत्र आलं ते बुडण्याच्या दोन वर्षं आधी, दुसऱ्याच बोटीवरून. मधल्या कुठल्याशा बंदरात त्याने बोट बदलली, घरची गल्ली मोडून माणसं पांगली, आणि त्यांना कुणी काही कळवलंच नाही. त्यामुळे ही बोट त्यांनी कधी शोधली नव्हती. त्या दिवशी ती नुसती ओघात लागली. आजी डोळे मिटून ऐकत होती. नावामागून नाव जात होतं, आणि एका आडनावापाशी यंत्र थांबलं.

आजीने विचारलं, "याचं नाव का नाही घेतलं?"

नातीने खालची ओळ वाचून दाखवली. आजी म्हणाली, अक्षर कसं आहे? नातीने तिचा तळहात हातात घेतला आणि बोटाने त्यावर काढलं. सहा रेघा. आजीने मूठ मिटली. नातीने लिहिलं होतं, 'तिथे दुसरं कुठलं नाव ऐकू आलं असतं, तर आजी काही बोललीच नसती. आम्ही पुढे गेलो असतो. आमच्या आडनावाची माणसं खूप आहेत.'

वय जुळलं, गाव जुळलं, ती नसलेली गल्लीसुद्धा जुळली. पत्रासोबत आवाजाची एक छोटी पट्टी होती. आत्याने खोलीचं दार लावून घेतलं, मग कोण जाणे काय वाटून पुन्हा उघडलं आणि मला आत घेतलं. पट्टीत आधी काहीच नव्हतं, मग एक श्वास. आणि मग एका म्हातारीने, अंगणातून कुणाला जेवायला आत बोलवावं तशी, दोनदा हाक मारली. हिकारू नव्हतं ते. काय होतं ते त्या पानावर आहे. ज्याला हवं त्याने तिथे जाऊन वाचावं.

आत्याने वहीतल्या रकान्यात लिहिलं: 'धाकटी बहीण.' मग खूण उघडली, बारीक अक्षरं ठेवली, खूण मिटली. रिकामा वेळ काढून टाकला. वृद्धाश्रमाला कळवायला दुभाषीबाईंना फोन लावला, आणि त्यांनी विचारलं की म्हाताऱ्याला नाव सांगू की पट्टी ऐकवू, तेव्हा म्हणाली, "पट्टी."

मी पैज हरले होते. आत्याने मागितलं ते एवढंच: सगळी एक्केचाळीस नावं तिच्यासमोर मोठ्याने वाचायची, टोप्या बघून, कुणाची नक्कल न करता. मला वाटलं, एवढंच? बसले. कप्तानापासून सुरुवात केली. माझ्या नुसत्या आवाजात मी इतका वेळ कधी बोललेलीच नव्हते. दहाव्या नावापर्यंत तो मलाच ओळखीचा वाटेना. एकोणतिसाव्याला मात्र राहवलं नाही. मी ती हाक मारली, हुबेहूब, शेवटाला थरथरत लांबवलेली, म्हातारीचा श्वास धरून.

आत्याने हात वर केला.

"ती हाक तिची आहे," ती म्हणाली. "तू नुसतं नाव घे. पहिल्यापासून."

मी पुन्हा कप्तानापासून सुरुवात केली.